४ ऑक्टोबर २०२१ च्या आधी थोडं बोलूया

अगं धाकटे, शाळेत सगळ्यात नव्या बाईंच्या गळ्यात दोनच गोष्टी पडतात, स्नेहसंमेलनातले नाच आणि वेळापत्रक. स्नेहसंमेलन यंदा नाही, म्हणजे तू अर्ध्यातच सुटलीस म्हणायचं. आता हसून घे आणि वही-पेन्सिल घेऊन बस. शुक्रवारी शिक्षणमंत्री वर्षाताई गायकवाडांनी कोरोनामुळं बंद असलेल्या शाळा उघडायचं जाहीर केलं, म्हणजे ४ ऑक्टोबरच्या सोमवारला आठवडाच उरलाय. शहरात आठवीपासूनचेच वर्ग, पण तुझी शाळा खेड्यातली, त्यामुळं तुला पाचवीपासून दहावीपर्यंत सगळीच पोरं एकदम अंगावर येणार. गेल्या वर्षी २३ नोव्हेंबरला नववीपासूनचे वर्ग उघडले आणि या वर्षी २७ जानेवारीला पाचवी ते आठवी, तेव्हाची आमच्या शाळेची दोन्ही वेळापत्रकं माझ्याच हातची. म्हणून हक्कानं सांगते.

कपाटातलं २०१९ चं वेळापत्रक बाहेर काढूच नकोस. त्यातल्या तासिका इकडच्या तिकडं सरकवून हे काम होत नाही. त्या कागदात एक गोष्ट न लिहिताच धरलेली असते, ती म्हणजे पोरगं दहा ते पाच आपल्या ताब्यात आहे. आता ते नाही. म्हणून आधी कोऱ्या पानावर तुमच्या शाळेतल्या सगळ्यात अडचणीतल्या एका मुलीचा दिवस लिहून काढ. वस्तीवर राहते, आठवीत आहे, पाठीवर दोन भावंडं. सकाळी धारा काढून झाल्या की पाणी भरायचं. एसटी सव्वानऊला, ती चुकली की दुपारपर्यंत दुसरी नाही. फोन घरात एकच, तोही बापाच्या खिशात, आणि बाप संध्याकाळी सातला घरी येतो तेव्हा फोनची बॅटरी मेलेली. या मुलीला जमेल असं वेळापत्रक केलंस तर डॉक्टरच्या पोराला ते जमेलच. उलटं कधी होत नाही.

फोनवरून आठवलं. गेल्या वर्षीच्या 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत देशातल्या खेड्यांत शाळेत जाणाऱ्या ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन निघाला. २०१८ मध्ये हाच आकडा ३६.५ होता. वेळापत्रकाच्या बैठकीत कुणीतरी हा आकडा नक्की फेकेल आणि म्हणेल, बघा, आता घरोघरी फोन आहेत. तेव्हा शांतपणे विचार, सकाळी अकराला तो कुणाच्या हातात असतो? घरात फोन असणं आणि तो पोराच्या हातात असणं, यांच्यामध्ये बापाची अख्खी पाळी येते. तू आकड्यावर विश्वास ठेवू नकोस, वर्गशिक्षकांना पाठवून माहिती घे. तीनच प्रश्न: फोन कुणाचा, घरी कधी येतो, त्यावर किती भावंडं. दोन दिवसांत होतं. या यादीवाचून वेळापत्रकाची एकही रेघ मारू नकोस.

आता गट. नियमाप्रमाणं एका बाकावर एक आणि वर्गात पंधरा-वीसच पोरं. तुमच्याकडं प्रत्येक इयत्तेत चाळीसच्या आसपास, म्हणजे 'अ' आणि 'ब' असे वीस-वीसचे दोन गट. इथं सगळे जण सम-विषम हजेरी क्रमांकानं गट पाडतात, कारण ते दोन मिनिटांत होतं. तू तसं करू नकोस. गट वस्तीप्रमाणं पाड. एका वाडीतली, एका एसटीनं येणारी, एका घरातली पोरं एकाच दिवशी येऊ देत. एखाद्या वाडीत कुणी पॉझिटिव्ह निघालं तर तेवढा एकच गट घरी ठेवता येतो, बाकीची शाळा चालू राहते. शिवाय पाचवीतली धाकटी आठवीतल्या थोरलीचा हात धरून येते, म्हणजे आईबापही संमतीपत्रावर लवकर सही करतात. हजेरी सक्तीची नाही हे लक्षात ठेव. आईबापाच्या मनात भरलं तरच पोरगं येणार आहे.

यात एक मेख आहे ती आधीच सांगते. भावंडं एकाच दिवशी शाळेत म्हणजे दुसऱ्या दिवशी दोघंही घरी, आणि फोन एकच. म्हणून संध्याकाळच्या ऑनलाईन वेळा इयत्तांप्रमाणं सरकव. पाचवी ते सातवीचं काही असेल तर सात ते साडेसात, आठवीपासून पुढचं पावणेआठनंतर. धाकट्याचं झालं की फोन थोरल्याकडं. एवढ्या साध्या फरकानं आमच्याकडची घराघरातली भांडणं बरीच कमी झाली.

सोमवार-बुधवार-शुक्रवार 'अ' आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार 'ब', हे पक्कं ठेव. आठवड्याआड दिवस बदलायची हुशारी करू नकोस. आईबापांच्या डोक्यात एकदा बसलेला वार हलवला की पोरं चुकीच्या दिवशी येतात आणि फाटकातून परत जातात. फक्त शनिवार अर्धा ठेवू नकोस, नाहीतर 'ब' गटाचं दर आठवड्याला नुकसान. सुट्ट्याही अशाच वारानं मोजून बघ. १५ ऑक्टोबरचा दसरा शुक्रवारी आलाय, 'अ'चा दिवस गेला. १९ ची ईद-ए-मिलाद मंगळवारी, 'ब'चा गेला. फिटंफाट.

दिवस चार तासांच्या आत बसव. पस्तीस मिनिटांच्या सहा तासिका म्हणजे साडेतीन तास, त्यात हात धुणं, तापमान आणि परिपाठाची दहा मिनिटं, मध्ये पाणी प्यायला दहा. सव्वादहाला सुरू झालं तर दोनच्या सुमारास संपतं. तुमचे मुख्याध्यापक सर अकरा ते तीन म्हणतील, कारण त्यांना बँकेची कामं सकाळी उरकायची असतात. ऐकू नकोस. डबा एकत्र खायचा नाही, पोषण आहाराचा कोरडा शिधा घरी जातोय, खिचडी शिजत नाही. सव्वानऊच्या गाडीला नऊला घर सोडलेलं पोरगं तीनपर्यंत उपाशी राहणार आणि शेवटच्या दोन तासिकांना तुझ्याकडं नुसतं बघत बसणार. आणि हो, आगारात स्वतः जाऊन गाड्यांच्या वेळा विचार. लॉकडाऊनआधीचं एसटीचं वेळापत्रक अजून सगळ्या फेऱ्यांना लागू झालेलं नाही. शाळेची वेळ एसटीला बांधायची असते. एसटी शाळेला बांधली जात नाही.

आता बेरीज कर, कारण बैठकीत तुझं खरं हत्यार हीच आहे. सहा इयत्ता, रोज सहा तासिका, म्हणजे दिवसाला ३६. आठवड्याचे सहा दिवस धरले की २१६. मुख्याध्यापक सोडून तुम्ही आठ जण, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २७ तासिका. हा नेहमीच्या आठवड्याइतकाच भार झाला, आणि अजून घरी असलेल्या गटासाठी कुणी बोटही हलवलेलं नाही. आता कुणी म्हणालं की घरी असलेल्यांना रोज ऑनलाईन पूर्ण वेळापत्रक द्यायचं, तर हा आकडा त्यांच्यापुढं ठेव आणि विचार, कोण घेणार?

याच्यावर एक हुशार उत्तर हमखास येतं. "फळ्यासमोर स्टँडवर मोबाईल लावा, वर्गातल्यांना आणि घरच्यांना एकदमच शिकवा." धाकटे, या एका गोष्टीसाठी भांड. एकच माणूस एकाच वेळी फळ्यापुढं आणि पडद्यापुढं उभा करू नका. मास्क लावून बोलणाऱ्या बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, तो वाडीवरच्या फोनपर्यंत काय पोचणार? वर्गातलं पोरगं प्रश्न विचारतं तो घरी ऐकू येत नाही. घरचं पोरगं हात वर करतं ते वर्गात दिसत नाही. नेट गेलं की बाई फोनशी झगडतात आणि समोरची वीस पोरं दंगा करतात. शेवटी दोन्हीकडं कुणी शिकत नाही, आणि अहवालात मात्र चाळीसची हजेरी लागते. मला तर वाटतं हा प्रकार अहवालासाठीच काढलाय. त्यापेक्षा तोच पाठ सोमवारी 'अ'ला आणि मंगळवारी 'ब'ला दे. दुसऱ्यांदा तो पाठ जास्त चांगला होतो. टाचण एकच, आणि सोमवारी कुठं पोरं अडली ते मंगळवारी माहीत असतं.

म्हणजे प्रत्येक गटाला आठवड्याला अठरा तासिका. एरवी पंचेचाळीसच्या पुढं असायच्या. या अठरांत सगळे विषय कोंबायला जाशील तर कुठलाच विषय होणार नाही. गेल्या नोव्हेंबरात शासनानं सांगितलं होतं की गणित, विज्ञान, इंग्रजी वर्गात शिकवा आणि बाकीचे विषय ऑनलाईन. नववी-दहावीला ते चालून गेलं. मराठी आणि इतिहास-भूगोल ऑनलाईन गेले ते मात्र गेलेच, त्या लिंकवर कुणी फिरकलं नाही. यंदा तुझ्याकडं पाचवी आहे, आणि पाचवीला ही वाटणी लावलीस तर मोठा घोळ होईल.

कसं ते बघ. आज पाचवीत असलेलं पोरगं मार्च २०२० मध्ये तिसरीत होतं. जानेवारीत पाचवीपासूनचे वर्ग उघडले तेव्हा ते चौथीत, म्हणजे घरीच. तिसरीनंतर ते वर्गात बसलेलंच नाही. त्यातून तुमच्याकडं ते नव्या शाळेत येतंय, जिल्हा परिषदेच्या चौथीतून थेट हायस्कुलात. त्याला शाळेची मोरी कुठं आहे ते माहीत नाही आणि तुम्हाला त्याचा चेहरा माहीत नाही. या पोराला अस्खलित वाचता येतं असं धरून विज्ञानाचा धडा सुरू करू नका. पाचवी-सहावीला अठरातल्या सहा तासिका मराठीच्या दे, त्याही उघड-उघड वाचनाच्या, मोठ्यानं, एकेकाला उभं करून. पाच गणिताच्या. इंग्रजीला तीन, परिसराला आणि विज्ञानाला मिळून तीन, आणि एक तासिका नुसत्या गप्पांची किंवा चित्रांची. वरच्या वर्गांना वाटणी वेगळी. गणित पाच, विज्ञान चार, इंग्रजी चार, मराठी दोन, हिंदी आणि सामाजिक शास्त्रं एक-एक, आणि एक 'अडलेलं'. या अडलेल्याच्या तासिकेला कुठल्याही विषयाचं नाव देऊ नकोस. ज्या शिक्षकाचा पाठ त्या आठवड्यात जास्त अडला असेल त्यानं ती घ्यायची. सगळे तिच्यावर डोळा ठेवतील. ठेवू देत.

दहावीचं वेगळं सांगते. सर म्हणतील दहावीला रोज बोलवा, बोर्डाचं वर्ष आहे. त्यांनाही बेरीज दाखव: दहावीचे दोन्ही गट रोज, म्हणजे आणखी ३६ तासिका आठवड्याला, एकूण २५२, आणि तुम्हा आठ जणांच्या वाट्याला साडेएकतीस. त्यापेक्षा त्या दिवशी जो गट आलाय त्याला शेवटी एक जादा तासिका ठेव, आणि ती शिकवायला वापरू नका. लिहायला वापरा. या पोरांनी शेवटची वार्षिक परीक्षा सातवीत दिली, २०१९ मध्ये. आठवीतून वर गेली परीक्षेविना, नववीतून वर गेली परीक्षेविना. गेल्या जुलैत लागलेला दहावीचा निकालसुद्धा अंतर्गत मूल्यमापनावरच लागला, त्यामुळं यांना वाटतंय आपलंही तसंच होणार. हात लिहायचं विसरलेत गं. अर्ध्या तासात दोन पानं सुवाच्य लिहिणारं पोरगं मला गेल्या वर्षी वर्गात शोधावं लागायचं. शिकवलेलं डोक्यात असूनही कागदावर उतरत नाही, आणि ते बोर्डाला दिसत नाही.

यंदाही पंचवीस टक्के अभ्यासक्रम वगळलाय. यादी प्रत्येक विषयाच्या शिक्षकाकडून छापून घे आणि वेळापत्रकाच्या फाईलला लाव. पण एक कर, वगळलेल्या भागातलं पुढच्या वर्षी कशाचा पाया आहे ते गणिताच्या सरांना पेन्सिलीनं खूण करायला सांग. परीक्षेला नाही म्हणून सोडलेला अपूर्णांक नववीत येऊन उभा राहतो.

आता घरचा दिवस. माझं म्हणणं एवढंच की घरच्या दिवसाला घड्याळ लावू नकोस. वर्गाच्या दिवसाचं वेळापत्रक मिनिटांत करायचं, घरच्या दिवसाचं कामात. "उद्या ही दोन पानं वाच, ही चार गणितं सोडव, घरातल्या कुणाला तरी हे विचारून लिही," आणि ते कधी करायचं ते पोरानं ठरवायचं, धारा काढून झाल्यावर का रात्री जेवल्यावर. सोमवारी शेवटच्या तासिकेची शेवटची दहा मिनिटं फक्त यासाठी राखून ठेव; काम फळ्यावर लिहायचं, पोरांनी वहीत उतरवून घ्यायचं. झेरॉक्सवर विसंबू नकोस, दुसऱ्या महिन्यात कागदाचे पैसे कुणी द्यायचे यावर शिक्षक खोलीत वाद होतो. मंगळवारी पोरानं काम केलं, बुधवारी वही आणली. आणि तपासायचं किती? सगळं तपासायला जाशील तर आठवड्यात पाठ मोडेल. एका दिवशी एका वर्गाचा एकच विषय नीट तपासा, बाकीच्यांवर नजर फिरवली तरी चालेल. पण ज्या विषयाची पाळी आहे त्याची वही मात्र लाल पेनानं, चूक दाखवून. पोरांना दीड वर्षात कुणी चूक दाखवलेली नाही, नुसते अंगठे वर केलेत.

लॉकडाऊनमध्ये लोकांनी काय काय केलं ते आठव. सोलापुरात नीलमनगरच्या आशा मराठी विद्यालयानं वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मला ती युक्ती सगळ्यात आवडली, कारण भिंतीला तासिका नसते. पोरगं खेळता खेळता थांबतं आणि वाचतं. जव्हार-मोखाड्याकडं दिगंत स्वराज फाउंडेशननं कर्ण्यावरून पाठ ऐकवले, तिथं नेट आणि फोन दोन्हींचा प्रश्नच आला नाही. 'टिलीमिली' ही मालिका गेल्या वर्षी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर लागायची, पहिली ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली, त्यामुळं एका टीव्हीवर तीन भावंडांचं निभायचं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. पोराच्या हातात फोन असलाच पाहिजे अशी अट कुणी घातली नव्हती. तूही घालू नकोस. दीक्षा अ‍ॅपवरचं, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'स्वाध्याय'चं ज्याला जमेल त्यानं जरूर करावं, पण गुण त्यावर नकोत.

मग ऑनलाईन काहीच नाही का? आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, अर्धा तास, फक्त शंका विचारायला. शिकवायला नाही. केंद्र सरकारच्या ऑनलाईन शिक्षणाच्या 'प्रज्ञाता' सूचनांत पहिली ते आठवीला रोज तीस ते पंचेचाळीस मिनिटांची फार तर दोन सत्रं सांगितलीत, नववीपासून पुढं चार. ती वरची मर्यादा आहे, तेवढी भरलीच पाहिजेत असं नाही. काही शाळा ते उद्दिष्ट समजून बसल्या. अर्धा तास ठरवलास की झूमचा फुकटातला चाळीस मिनिटांचा वेळही पुरतो, मध्येच सगळी बाहेर फेकली जात नाहीत. ज्यांच्याकडं फोन नाही त्यांच्यासाठी वाडीतला एक मोठा विद्यार्थी नेमून दे. त्यानं शंका लिहून आणायच्या आणि उत्तरं लिहून न्यायची. अकरावी-बारावीतली पोरं हे आनंदानं करतात, फक्त त्यांचं नाव परिपाठात घ्यायला विसरू नका.

आणि संध्याकाळची वेळ ठरवताना तुझ्या स्वतःच्या चुलीचाही विचार कर. आमच्याकडं रात्री आठची वेळ ठरली तेव्हा सगळे सर एका सुरात हो म्हणाले. का म्हणणार नाहीत? आठला त्यांच्यापुढं ताट येतं. भाकरी थापणाऱ्या बाईंना कुणी विचारलंच नाही. मी तिथंच म्हटलं, एका शिक्षकाला आठवड्यात एकच संध्याकाळ, आणि कुठली ते ज्यानं त्यानं सांगायचं. तुझे दाजी त्या एका संध्याकाळी पिठलं करायला शिकले. चांगलं करतात, मीठ तेवढं जास्त पडतं. तुझं पिल्लू तर अजून दीड वर्षाचं. तू आधी स्वतःची संध्याकाळ निवड, मग बाकीच्यांना विचार. वेळापत्रक करणाऱ्याला एवढी मुभा हवीच.

कोरोनाच्या लशीचंही वेळापत्रकात धर. कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर, त्यामुळं तुमच्यात एखाद्याचा दुसरा डोस ऑक्टोबरात येईल. तारीख विचारून घे आणि दुसऱ्या दिवशी त्याला तासिका लावू नकोस, अंगात कणकण असते. तसंच प्रत्येक विषयापुढं दोन नावं लिही, एक शिकवणाऱ्याचं आणि एक त्याच्या जागी उभं राहू शकणाऱ्याचं. एखाद्याच्या घरी कुणी पॉझिटिव्ह निघालं की तो माणूस दोन आठवडे गेला, आणि सकाळी दहा वाजता बदली तास कुणाला द्यायचा यावर तू एकटी रडकुंडीला येशील.

एकच वेळापत्रक करून थांबू नकोस. तीन कागद कर. पहिला अर्ध्या-अर्ध्या गटांचा, तो चारला लागेल. दुसरा शाळा पुन्हा बंद पडली तर: कुठल्या वाडीत कोण जाणार, वह्या कुठं गोळा होणार, संध्याकाळी कुणाची वेळ. गेल्या फेब्रुवारी-मार्चात एकेका जिल्ह्याचा हुकूम आला तसे वर्ग बंद झाले आणि कित्येक पोरं पुस्तकं वर्गातच ठेवून घरी गेली. दुसरा कागद तयार असला तर निघतानाच त्यांच्या हातात काम देता येतं. तिसरा कागद सगळी पोरं एकदम आली तर. त्याला वेळ आहे, पण तो टेबलाच्या खणात असू दे. दिवाळीनंतर अचानक कुणीतरी मागेल.

पहिल्या आठवड्यात या अठरांपैकी एकही तासिका विषयाची लावू नकोस, असं मी म्हटलं तर तुझे सर चिडतील. तरी म्हण. जुलै-ऑगस्टात पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास झाला, त्याच्या तीन चाचण्या झाल्या. ते कागद शाळेत कुठंतरी गठ्ठा बांधून पडले असतील. तो गठ्ठा उघड, वाच, आणि कुणाला काय येत नाही ते बघ. त्या आठवड्यात पोरांना वाचायला लाव, लिहायला लाव, बोलू दे. काहींच्या घरातलं माणूस गेलंय. वर्गात कुणाचे वडील नाहीत हे तुला आधी कळलं पाहिजे, नाहीतर निबंधाला 'माझे बाबा' विषय देऊन बसशील.

आणि जी येणार नाहीत त्यांच्याकडं बघ. हजेरीपत्रकात नववीतल्या एखाद्या मुलीपुढं सलग आठवडाभर फुली पडली तर 'संमतीपत्र नाही' असं लिहून पान उलटू नकोस. तिच्या घरी जा, आणि एकटी जाऊ नकोस, अंगणवाडीताईंना घेऊन जा. या दीड वर्षात किती मुलींची लग्नं गुपचूप उरकली ते तुलाही ऐकू आलंय. अजून उरकलं नसेल तर १०९८ वर फोन करता येतो, चोवीस तास. ग्रामसेवकांनाही सांगायचं, गावपातळीवर तेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी. मुलगे वेगळ्या कारणानं गळतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी ढाब्यावर, कुणी बापाबरोबर रंगकामावर. हातात रोज तीनशे रुपये आलेलं पोरगं तुझ्या सव्वादहाच्या घंटेला येणार नाही. त्याला आठवड्यात तीन दिवसच यायचंय, बाकीचे तीन दिवस त्याचे, हे त्याच्या घरी जाऊन सांग. अर्धी शाळा ही काही पोरांसाठी शाळा पुरती सुटण्यापासून वाचायची वाट आहे, तेवढं या वेळापत्रकाचं भलं मानते मी. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची नावं आत्ताच काढ. ती पोरं निघायच्या आधी त्यांच्या आईबापांशी बोल, आजीपाशी राहता येईल का विचार. आणि जाणारच असतील तर दोन महिन्यांचं काम एका वहीत लिहून दे.

बैठकीत वरिष्ठांपुढं कशी बोलशील याची तुला धास्ती वाटते ते मला माहीत आहे. लहानपणीही तू पाहुणे आले की माजघरात पळायचीस. तिथं मत मांडायला जाऊच नकोस, कागद मांड. फोनची यादी, एसटीच्या वेळा, २१६ भागिले ८. मग म्हण, सर, यात कुठं बदल करायचा ते तुम्हीच सांगा. केंद्रप्रमुखांना ऑनलाईन तासांचे फोटो हवे असतात, ते त्या दोन संध्याकाळचे खरेखुरे पाठव. रोज एक खोटा फोटो काढायची सवय शाळेला लागू देऊ नकोस, ती नंतर जात नाही.

आता एवढं कर. उद्या वर्गशिक्षकांना फोनच्या यादीला लाव, परवा आगारात जा, गुरुवारपर्यंत गट पाड आणि कच्चं वेळापत्रक मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. शाईनं नको, पेन्सिलीनं कर. पाचवीच्या मराठीच्या सहा तासिका त्यात दिसल्या नाहीत तर मी रात्री फोन करीन, आणि तेव्हा तुझी भाकरी तव्यावर असली तरी ऐकणार नाही.